गाडीवानाची टाच

एकदा एक शिष्य घागरी वाहून वाहून अगदी विटून गेला होता. त्याचे गुरू मोठे शल्यवैद्य. आवाळू, चामखीळ, रक्ताने फुगलेल्या गाठी काढण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पण त्यांच्या वैद्यशाळेचा एक नियम होता. दारात जो येईल, मग तो रोगी असो वा रोग्याला घेऊन आलेला, त्याचे पाय शिष्याने स्वतःच्या हाताने चोळून धुवायचे. विहीर मात्र टेकडीच्या पायथ्याशी! 'शस्त्र शिकायला आलो आणि पाणक्या होऊन बसलो,' असे तो मनाशी म्हणे. त्याचे तरी काय चुकले? सात वर्षे घागर वाहिली की आतिथ्याचे कौतुक कोणाला उरते?

त्या दुपारी एक व्यापारी बैलगाडीतून उतरला. मानेवर नारळाएवढे आवाळू. दिवाळीतही तो येऊन गेला होता. तेव्हा 'घाई नाही' असे सांगून गुरूंनी त्याला परत पाठवले होते. शिष्याने त्याचे पाय धुतले आणि त्याला आत नेले. घागरीत तांब्याभर पाणी उरले होते.

"आणि गाडीवान?" गुरूंनी विचारले.

"त्याला काही झालेलं नाही, गुरुजी. बसलाय तिकडे बैलांपाशी."

गुरू गुडघ्यांवर हात टेकत उठले, बाहेर गेले, गाडीवानाला ओट्यावर बसवले आणि उरलेल्या पाण्याने स्वतःच त्याचे पाय धुऊ लागले.

व्यापाऱ्याचा पारा चढला. "अहो वैद्यराज, रोगी मी आहे! दहा कोस हाडं खिळखिळी करत आलोय!"

"नगा जी, तुमी कशाला," म्हणत गाडीवान संकोचाने पाय मागे घेत होता. गुरूंचा अंगठा त्याच्या उजव्या टाचेवर थांबला. धुळीखाली रुपयाएवढा काळा डाग होता, कडांना वेडावाकडा पसरलेला.

"हे कधीपासून?"

"दिवाळीला तिळाएवढं हुतं. काटा मोडला आसंल. दुखत न्हाई, म्हनून बगितलं न्हाई."

गुरूंनी त्याला आडवे केले, जांघ चाचपली आणि शिष्याला खूण केली. शिष्याच्या बोटांना शेंगदाण्याएवढी टणक गाठ लागली. ती जागची हलत नव्हती. टाचेचे विष वर चढले होते.

"नाव काय रे बाबा तुझं?"

"सुभाना."

"सुभाना, आज परत जायचं नाही. उद्या सकाळी कापायला हवं."

"वाचंन न्हवं म्या?"

"माझ्या हाताला येईल तेवढं सगळं करीन," गुरू म्हणाले.

आत आल्यावर ते भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी ते फार म्हातारे दिसत होते. "शेठजींचं आवाळू बोटाखाली मऊ सरकतं," ते शिष्याला म्हणाले. "वीस वर्षं मानेवर बसलंय. दिसायला वाईट, वागायला गरीब. आज काढलं काय, पुढल्या वर्षी काढलं काय! जीव घेणारं असं मिरवत येत नाही. आणि ज्याला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही, तो वैद्याकडे येतो कशाला? तो दुसऱ्याला घेऊन येतो. म्हणून तर ती घागर."

शिष्याला राहवेना.

"गुरुजी, दिवाळीतही हाच गाडी घेऊन आला होता. तेव्हाही पाणी संपत आलं होतं. मी कंटाळा केला. याचे पाय मी धुतले नाहीत."

तिळाएवढे होते तेव्हा. दोघांनाही ते उमगले.

"आणि मी विचारलं नाही," गुरू म्हणाले. "मीही थकलो होतो."

शिष्याने रिकामी घागर उचलली आणि टेकडी उतरला. भरून परत आला तेव्हा दारात एक दमेकरी म्हातारा खोकत बसला होता. त्याला हाताला धरून आणणारी सून पदर सावरत बाजूला उभी होती. शिष्याने म्हाताऱ्याचे पाय धुतले, मग तिच्याकडे वळला.

"ताई, तुमचं नाव काय?" तो म्हणाला. "पाय पुढे करा."