चार माणसं आणा

‘काजळगाव’ या ऑनलाइन खेळात जग जळून गेलेलं होतं आणि उरल्यासुरल्यांवर दोन टोळ्यांचा डोळा होता. दुबळ्यांना संपवून बळकटांचं जग वसवायचं, हा वणवा टोळीचा बेत. सगळ्यांना साखळदंडात ठेवून शांतता नांदवायची, हा साखळी टोळीचा. एके दिवशी दोन्ही टोळ्यांचे म्होरके कुमुदिनीकडे आले. ती खेळातली विहीर राखत एकटीच राहिली होती.

“कुणाचा बेत जास्त नीतीचा, सांग. चुकलीस तर विहीर बुजवू,” दोघांनी दरडावलं.

“सांगते की,” कुमुदिनी म्हणाली, “पण आमच्याकडे निवाडा चार माणसांत होतो. चार माणसं घेऊन या.”

म्होरक्यांनी सगळा नकाशा पालथा घातला. वणव्यानं मारलेले खेळाडू पुन्हा फिरकलेच नव्हते. साखळीनं बांधलेले कंटाळून खेळ सोडून गेले होते. छळायला कुणी उरलं नाही म्हणून दोघांच्या टोळ्याही पांगल्या होत्या. दोघे हात हलवत परतले.

“माणसंच मिळाली नाहीत,” वणव्याचा म्होरक्या पुटपुटला.

“मग निवाडा तुम्हीच शोधून आणलात की!”

माना खाली घालून दोघे निघाले. तशी तिनं घाईघाईनं घागर भरली.

“पाणी तरी पिऊन जा. खूप दिवसांत कुणी आलं नव्हतं.”