फळीला चिकटलेला खलबत्ता

लई जुनी गोष्ट नाही, ओट्यांवर नुकतं ग्रॅनाइट यायला लागलं तेव्हाची. मालनकाकूंनी नवं किचन केलं. डिझाइनरने त्यांचा पितळी खलबत्ता चकाचक करून भिंतीवरच्या फळीवर मांडला, वर दिवाही सोडला. मिक्सरला मात्र कपाटात कोंबलं. का, तर म्हणे जुन्या थाटात तो शोभत नाही!

खलबत्ता असला फुगला! "ए घरघऱ्या, पाहुणे माझे फोटो काढतात."

"काढू देत की," मिक्सर कपाटातून म्हणाला. "पण तुझ्यात साधं आलं तरी पडलंय का इतक्या दिवसांत?"

हे झोंबलं. कुटायला काही मिळेना म्हणून खलबत्ता आतून झुरतच होता.

एकदा काकू म्हणाल्या, "मिक्सरात ठेच्याचा नुसता लगदा होतो बाई. आज खलबत्ताच काढते."

खलबत्ता हरखला. काकूंनी उचलला, तर हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी हलेना!

"अगं बाई! चिकटवलाय मेल्याने!"

खलबत्त्याचं तोंड आधीच उघडं, ते उघडंच राहिलं. "चिकटवला? मला? म्हणजे मी आता नुसता फोटोपुरता?"

मिक्सरला हसूच फुटेना. तो ओरडला, "काकू, लावा जोर!"

काकूंनी पदर खोचून हिसका दिला. कडाड! खलबत्ता फळीसकट हातात आला.

"अरे, बुडाला फळी आहे तुझ्या!" मिक्सर कपाटाच्या फटीतून म्हणाला.

"असू दे, ग्रॅनाइटला ओरखडा नाही पडणार," खलबत्ता म्हणाला. "काकू, टाका मिरच्या! आणि त्या घरघऱ्याला बाहेर काढा. दाण्याचं कूट त्यालाच जमतं."