शून्य दाखले

"खाली 'दाखले: शून्य' लिहिलंय, बाई. मग हा लेख प्रबंधात घ्यायलाच हवा का?"

त्याच्या मार्गदर्शक निमकरबाई चहा गाळत होत्या. गाळत राहिल्या.

शार्दूलने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. कोकणातल्या सड्यावर, ओल्या कातळावर पालथं पडून त्याने चार पावसाळे काढले होते. नखाएवढ्या एका निळ्या फुलाचं परागीभवन मधमाशी नव्हे, मुंगी करते, हे जगात पहिल्यांदा त्याने पाहिलं होतं. निदान परवापर्यंत तरी. ती मुंगी दिसल्यापासून विद्यापीठात तो चालायचाही असा, की शोध लागल्याचं जिन्यालासुद्धा कळावं.

परवा प्रबंध बांधायला टाकण्याआधी त्याने ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये शेवटचा शोध घेतला. बाईंचा दंडकच होता तो. लेख सापडला की दोन्हीकडे चालायचं. त्या लेखाने कोणाचे दाखले दिलेत ते मागे जाऊन बघायचं, आणि त्याचा दाखला नंतर कोणी दिला ते पुढे जाऊन.

सापडला तो तालुक्याच्या एका कॉलेजचा वार्षिक अंक, नुकताच स्कॅन होऊन आलेला. साल १९६१. लेखिका कु. प्रभावती बांदिवडेकर.

फूल तेच. मुंगीही तीच.

"पुढे चालून पाहिलंस?" बाईंनी विचारलं.

"पुढे कोणी नाहीच. इतक्या वर्षांत एकानेही दाखला दिलेला नाही. परीक्षकांना कुठून सापडणार?"

"तुला सापडला."

"तुम्ही शोधायला लावलंत म्हणून!"

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "वाच."

तो वाचू लागला. आधी सरकारी परिपत्रक वाचावं तसा, सपाट. मग एक वाक्य आलं. पाकळीच्या कडेशी मुंगी थबकते, मिशा पुसते, आणि मगच आत शिरते.

त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं.

ते थबकणं त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. प्रबंधातही लिहिलं नव्हतं, लोक हसतील म्हणून.

"बाई, यांनी... यांनीही पाहिलं होतं."

"शेवटचं वाक्य काय आहे?"

"'हे मी एकाच पावसाळ्यात पाहिले आहे. पुढे कोणी पाहिल्यास, खरे की खोटे ते कळवावे.'"

...

कुलगुरू आले तरी गुडघ्याची सबब सांगून बसून राहणाऱ्या निमकरबाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या त्या नावासमोर.

आपण कधी उठलो, हे शार्दूललाही कळलं नाही.

चहावर साय धरली.

"पण बाई..." तो अखेर म्हणाला, अगदी हळू. "हे घेतलं, तर माझं काय उरलं?"

"उत्तर," बाई म्हणाल्या. "लिही. वाट बघतायत त्या."