पॅडवरचं नाणं

जर्मनीत इंजिनिअरिंग शिकून परतलेल्या शाल्मलीला वाटलं होतं, भोसरीच्या कारखान्यात आपल्याला प्रश्न विचारतील. मिळाले ते हुकूम. नव्या वायरलेस चार्जरच्या पूजेत मालक दाभाडेंनी पॅडवर नाणं ठेवलं आणि त्यावर फोन. पाहुण्यांदेखत चार्जर ढिम्म.

"मधे धातू आला की तो थांबतो, साहेब. नाहीतर नाणं तापून चटका बसेल."

"जर्मन मॅडम, हे नखरे तिकडे. ती धातूची तपासणी काढून टाका."

शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत्ता काढते. तुम्ही फक्त फोनखाली बोट घालून नाणं धरून ठेवा."

दाभाडेंचा हात खिशात गेला.

"मग गिऱ्हाइकाच्या घरी कुणाचं बोट ठेवायचं, साहेब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवलं, तपासणी काढलेल्या एकाही डिझाइनवर आपली सही होणार नाही.