देवधानाच्या तलावात नांगर का चालत नाही

ज्यांनी हा तलाव कागदावर 'पडीक जमीन' म्हणून लिहिला, त्यांनी इथल्या चिखलात एकदाही हात घातलेला नसणार. भर उन्हाळ्यात आले, भेगाळलेला काठ पाहिला, नाकाला रुमाल लावला आणि निघून गेले. एवढी काळी, मऊ जमीन गावाने कधी नांगरली का नाही, हे विचारायलाही थांबले नाहीत.

थांबले असते तर दसरू मेश्रामांनी सांगितले असते. झाडीपट्टीतल्या या ढिवर मासेमारांच्या वस्तीत त्यांच्याएवढे वय कोणाचेच नाही. पाहुणे आले की ते त्यांना काठावर बसवतात आणि पाण्यातल्या उंच गवताकडे बोट दाखवतात. ते देवधान. कोणी पेरत नाही, कोणी लावत नाही. पिकले की दाणे आपोआप पाण्यात गळतात.

"हा आमच्या आंगोदरचा," ते म्हणतात. "आमी याच्या मागून आलो जी."

लोखंड माणसाला ठाऊक नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. तीन डोंगरांच्या मध्ये हे पाणी होते, आणि डोंगरांवर जमिनीला ऊन लागणार नाही इतके दाट रान. माणसे इथे आली ती देवधानामुळेच, असे सांगतात. टोपली खाली धरायची आणि लोंब्या हलवायच्या. अर्धे दाणे टोपलीत पडत, अर्धे तलावात. तलावाच्या वाट्यावर कोणी हक्क सांगत नसे.

मग वस्ती वाढली. कोणीतरी उतारावर आग लावली आणि राखेत कोदो, म्हणजे बारीक भरड धान्य, पेरला. तो असा आला की पुढच्या वर्षी सगळ्यांनीच आग लावली. दरवर्षी नवा उतार जळत गेला. राख आणि उघडी पडलेली माती पावसाबरोबर तलावात उतरत राहिली, तलाव उथळ झाला. त्यातच पाऊस आटला. आजा ज्याला पाऊस म्हणे, तो नातवाने पाहिलाच नव्हता म्हणे. शेवटी एका उन्हाळ्यात तलावाचा तळ उघडा पडला.

वस्तीकडे बियाण्याचा दोन ओंजळी कोदो उरला होता आणि ओल फक्त त्या तळाच्या चिखलात होती. वस्तीचा म्होरक्या मासू तो पेरायला टोकदार काठ्या घेऊन माणसांसह तळात उतरला. त्याची म्हातारी आई भुरी आडवी आली.

"यात देवधान निजला आहे. उकराल त उन्हानं मरेल. मंग पाऊस आला तरी तलाव येणार नाही."

"निजला का मेला, कोनाले ठाऊक? माझी बायको दोन जिवांची आहे, माय. तिले चिखल वाढू का?"

भुरीने चंद्र भरेपर्यंत मुदत मागितली. चिखलाचे एक ढेकूळ मडक्यात भिजवायचे. कोंब आला तर तळाला हात लावायचा नाही. नाही आला तर पहिली काठी ती स्वतः रोवणार.

प्यायचे पाणी तेव्हा डोंगरातल्या झऱ्याचे, माणशी दिवसाला एक वाटी. भुरी आपली वाटी मडक्यात ओतू लागली. ओठ ओले करण्यापुरते तेवढे ठेवायची. "बुढीनं चिखल पोसाले घेतला," बाया हसत. पुढे त्यांचे हसणे थांबले. म्हातारीचे ओठ फुटले, तिला उठवेना. सुनेने आपली वाटी पुढे केली तर तिने तोंड फिरवले.

चंद्र भरला त्या सकाळी मासू मडके पाहायला गेला. आईला बोलता येत नव्हते. मडक्यात बाभळीच्या काट्याएवढा हिरवा कोंब होता.

भुरी त्याच दिवशी गेली. तिला काठावर पुरून मासूने उरलेला कोदो खायला वाटून टाकला आणि वस्ती मोठ्या नदीकडे उठवली. वाटेत तीन माणसे दगावली असे सांगतात. सून वाचली, नदीकाठी तिला मुलगी झाली. पाऊस परतला तो कितीतरी वर्षांनी. तीच मुलगी माणसे घेऊन इथे आली, तेव्हा तलाव भरलेला होता आणि पाण्यावर देवधान डोलत होते. आजीला पुरले त्या जागेवर हात ठेवून तिने आण घेतली: डोंगराला आग लावायची नाही, आणि चिखल जिवंत असेतो तळ उकरायचा नाही.

आजही जेठ महिन्यात प्रत्येक घरची बाई तलावातून एक ढेकूळ आणते, नव्या मडक्यात भिजवते आणि पौर्णिमेपर्यंत आपल्या पिण्यातले पाणी त्याला घालते. ज्या घरी कोंब येणार नाही, त्या घराला आपल्यासमोरचा तळाचा पट्टा नांगरायची मोकळीक आहे. दसरूजींच्या आठवणीत ती कोणालाच मिळालेली नाही.

"दरवर्षी, प्रत्येक घरी येतोच?" मागे एका पाहुण्याने विचारले.

"भुरीचा जीव आहे त्याच्यात," दसरूजी म्हणाले आणि बाकीच्यांना काठ दाखवायला पुढे गेले.

त्यांची सून इंदू मडके कमरेवर घेऊन तिथेच उभी होती. सासरे लांब गेलेले पाहून ती त्या पाहुण्याला हळूच म्हणाली, "नाही आला त शेजारनीच्या मडक्यातला उपटून लावतो जी. तलावात नांगर घालू द्याचा का मंग?"