दवाखान्यात टेबल एकच

सातपुड्याच्या पायथ्याशी डॉक्टर शैला गोडांबे बरीच वर्षं लहानसा दवाखाना चालवत होत्या. त्या भागात ऑपरेशन करणारं दुसरं कोणी नव्हतं. एका दुपारी रुमली पावरा ही मजूरबाई टेबलावर होती. तिचं आतडं फुटलं होतं आणि पोट उघडलेलं होतं. तेवढ्यात कंपाउंडरला ढकलून तालुक्याचे पुढारी तात्यासाहेब भामरे माणसं घेऊन दारात उभे राहिले.

"आईला कळा सोसवत नाहीत. हिला बाजूला काढा."

"सकाळीच तपासलंय मी त्यांना. खड्याचं दुखणं आहे, त्या थांबू शकतात. ही नाही थांबू शकत."

"संध्याकाळपर्यंत हा दवाखाना जाळून टाकीन."

या माणसाने जाळलेली घरं शैलाताईंनी पाहिली होती. तरी हातातली सुई त्यांनी सोडली नाही.

"काढते," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त एक सांगा. आईंचं पोट असंच उघडं असताना तुमच्याहून मोठा माणूस दारात आला, तर त्यांनाही बाजूला काढू का?"

तात्यासाहेबांनी टेबलाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मागून, व्हरांड्यातल्या खाटेवरून त्यांच्या म्हाताऱ्या आईने लेकाला हाक मारली.

"दगडू, बाहेर ये. दार लाव आणि तिथंच उभा राहा. कोणाला आत सोडू नको."

रुमलीचा शेवटचा टाका पडेपर्यंत तात्यासाहेब दार राखत उभे होते.