डावा अंगठा

"महाराज, आता तरी दत्तजयंतीचे कीर्तन माझ्याकडे द्याल ना?"

असे विचारून भार्गवाने वहाणांचा जोड विश्रामबुवांच्या पाटासमोर ठेवला.

घाटमाथ्यावरच्या त्या मठात मार्गशीर्षातील थंडी उन्हे वर आली तरी हटत नसे. बुवांची अट साधी होती. त्यांच्या उन्हाळी वहाणा थंडीत घालण्याजोग्या करून आणाव्यात. कीर्तनाचे मग पाहू.

भार्गव सात वर्षे मठात होता. गुरुचरणांच्या महतीवर त्याने चाळीस पदांचे आख्यान रचले होते आणि ते ऐकण्यास सारा गाव आतुर आहे, अशी त्याची खात्री होती.

बुवांनी जपमाळ गळ्यात घातली व एक वहाण उचलली. आत घोंगडीचे जाड अस्तर. जेथे बोटे उघडी राहत, तेथेही घोंगडीचेच आच्छादन, दाभणाने बारीक टाके घालून शिवलेले.

"काम सुबक आहे," बुवा म्हणाले. "घोंगडी कोणाची?"

"मागच्या खोलीत अडगळीत एक पडली होती, महाराज."

"ती अडगळ नव्हे. तेथे मी निजतो."

भार्गवाने मान खाली घातली. बुवा हसले आणि त्यांनी डावा पाय वहाणेत घातला.

पाय अर्ध्यावर अडला.

"थोडा जोर लावावा, महाराज. अस्तर नवे आहे, बसेल."

बुवांनी जोर लावला... पाय तेथेच.

"माप कशाचे घेतलेस?"

"वहाणेचे. तंतोतंत आहे."

बुवांनी पाय बाहेर काढून उन्हात धरला. अंगठा कधीकाळी मोडून वेडावाकडा सांधला होता. शेजारच्या बोटावर चढून तो वर उभा राहिला होता.

भार्गव पाहतच राहिला.

"हे कधी झाले, महाराज?"

"तू मठात येण्यापूर्वी. विहिरीचा दगड पडला."

"पण मी तर रोज दोन वेळा या चरणांवर मस्तक ठेवतो..."

"ठेवतोस. डोळे मिटून."



मग भार्गवाने तो पाय मांडीवर घेतला, दोऱ्याने अंगठ्याची उंची मोजली आणि वहाणेचे पुढचे टाके उसवले.

"हळू," बुवा म्हणाले. "गुदगुल्या होतात."

आच्छादन उंच करण्यास घोंगडीचा आणखी एक तुकडा लागला. तो बुवांनी स्वतःच कापून दिला.

या खेपेस पाय अलगद आत गेला. बुवांनी आतल्या आत बोटे हलवून पाहिली. त्यांचा चेहरा उजळला.

ते पाहून भार्गवाचा उत्साह परतला.

"महाराज, या अंगठ्यावर एकेचाळिसावे पद आजच रचतो. मग कीर्तन माझे ना?"

बुवांनी उजवा पाय उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

"हा अजून पाहायचा आहे."